पोटरीवरची निळी पट्टी

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या आवारात पहाटे पाचच्या सुमाराला पळणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशी सहज ओलांडतो, त्यामुळे घाम गाळायचा तो ऊन वर यायच्या आत. यातली बरीच पोरं-पोरी जिंतूर, पालम, सोनपेठ, गंगाखेडकडच्या गावांतून येऊन शहरात खोली करून राहिलेली, पोलीस भरतीच्या मागे लागलेली. मैदानी चाचणीचे गुण ५०, त्यातले २० एकट्या धावण्याचे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. मुलाला वीसच्या वीस हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांत अंतर संपवावं लागतं. एकेका सेकंदावर पुढच्या आयुष्याचं गणित मांडणाऱ्या या मुलांच्या पोटऱ्यांवर, गुडघ्यांभोवती आणि खांद्यांवर अलीकडे निळ्या, गुलाबी, काळ्या पट्ट्या दिसू लागल्या आहेत. प्रो कबड्डीतले खेळाडू टीव्हीवर लावलेले दिसतात, तशाच.

पट्टी लावली की आंबलेले पाय लवकर मोकळे होतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा जोरात पळता येतं, असं ही मुलं एकमेकांना सांगतात. कोणी ती मेडिकलमधून आणतं, कोणी ऑनलाइन मागवतं. खोलीचं भाडं, मेसचे पैसे आणि अभ्यासिकेची फी भागवताना ज्यांची ओढाताण होते, त्यांच्या खिशातून हा खर्च जातो. म्हणून ही पट्टी नेमकं काय करते आणि काय करत नाही, हे त्यांना कुणीतरी नीट सांगायला हवं.

पट्टी हातात घेऊन पाहिली तर तिच्यात गूढ असं काही नाही. बहुतेक पट्ट्यांचं मूळ कापड सुती असतं. सेलू-मानवतच्या बाजारात ज्याच्या गाड्यांची रांग लागते तोच कापूस, त्यात लवचिक धागा विणलेला. मागच्या बाजूला अ‍ॅक्रिलिकचा चिकट थर असतो आणि तो सलग न लावता नागमोडी रेघांत लावलेला असतो, म्हणजे मधल्या जागेतून कातडीला हवा मिळते आणि घाम बाहेर पडतो. ही पट्टी लांबीत ताणली जाते, रुंदीत नाही. मूळ लांबीच्या साधारण दीडपट ती ताणता येते. जाडी आणि वजन जवळपास कातडीइतकंच, त्यामुळे थोड्या वेळाने ती अंगावर आहे हेही विसरायला होतं. नीट बसली तर तीन ते पाच दिवस टिकते. रंगांना काहीही अर्थ नाही. निळी थंड आणि लाल गरम, असं जे सांगतात त्याला आधार नाही.

१९७०च्या दशकात जपानमधल्या केन्झो कासे नावाच्या कायरोप्रॅक्टरने ती तयार केली. तोवर खेळाडूंना लावत ती पांढरी, कडक, न ताणणारी पट्टी. सांधा घट्ट धरून ठेवणारी. कासेंना वेगळं काही हवं होतं. दवाखान्यात हाताने केलेल्या उपचाराचा परिणाम पेशंट घरी गेल्यावरही टिकावा, आणि हालचाल मात्र अडू नये. त्यांची कल्पना अशी की, ताणलेली पट्टी मागे येताना कातडीला किंचित वर उचलते, खाली जागा होते, त्या जागेतून रक्त आणि लसिका मोकळेपणाने वाहतात, सूज उतरते आणि दुखणं कमी होतं. १९८८च्या सेऊल ऑलिंपिकपासून ती मोठ्या स्पर्धांत दिसू लागली. तिला खरी प्रसिद्धी मिळाली २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये. उत्पादकांनी ५८ देशांच्या पथकांना पट्ट्यांचे रोल फुकट दिले होते आणि अमेरिकेच्या बीच व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्श यांच्या खांद्यावरचा काळा पट्टा जगभरच्या टीव्हीवर झळकला. २०१२च्या युरो फुटबॉल स्पर्धेत जर्मनीविरुद्ध गोल करून अंगातला शर्ट काढून उभ्या राहिलेल्या इटलीच्या मारिओ बालोटेलीच्या पाठीवर अशाच निळ्या पट्ट्या होत्या. ज्यांनी ती छायाचित्रं पाहिली त्यांना वाटलं, इतके मोठे खेळाडू लावतात म्हणजे नक्कीच काहीतरी असणार.

पट्टीची परीक्षा घ्यायची तर आधी आंबलेल्या स्नायूत काय घडतं ते कळायला हवं. आणि इथे एक समज वाटेत येतो, तो जवळपास प्रत्येक मैदानावर ऐकू येतो: जोरात पळलं की पायात लॅक्टिक अ‍ॅसिड साठतं, त्याने पाय दुखतात, आणि ते 'काढून टाकावं' लागतं.

लॅक्टेट तयार होतं हे खरं. पण व्यायाम थांबला की तासाभरात त्याची रक्तातली पातळी पूर्ववत होते. पाय मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दुखायला लागतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त दुखतात. तासाभरात ओसरलेलं रसायन दोन दिवसांनी कसं दुखवेल? १९८३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हे सरळ तपासून पाहिलं. काही जणांना ट्रेडमिलवर सपाट पळवलं, काहींना उतारावर. सपाट पळणाऱ्यांचं लॅक्टेट वाढलं, पण पुढे त्यांचे पाय दुखले नाहीत. उतारावर पळणाऱ्यांचं लॅक्टेट वाढलंच नाही आणि पाय मात्र सपाटून दुखले. लॅक्टिक अ‍ॅसिडवरचा आरोप तिथेच गळून पडतो. तरी तो आपल्याकडे अजून चालू आहे.

मग दोष कशाचा? जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या टेकड्यांवर सकाळी चढून उतरणाऱ्याला विचारा. चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या उतरण्यामुळे. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू आकसायचा प्रयत्न करत असतो आणि त्याच वेळी शरीराच्या वजनाने तो ताणला जात असतो. अशा ताणात स्नायूच्या आतली रचना ठिकठिकाणी उसवते. स्नायूचा प्रत्येक तंतू हजारो बारीक एककांची माळ असतो. एकेक एकक मिलिमीटरच्या काहीशेव्या भागाएवढं. ही एककं जिथे एकमेकांना जोडलेली असतात त्या सीमारेषा अशा व्यायामानंतर विस्कटलेल्या दिसतात. १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये माणसांच्या स्नायूंचे बारीक नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून हे पाहिलं गेलं. अशा दुखण्याचं मूळ स्नायूच्या आतल्या फाटण्यात असावं, असं अमेरिकेतल्या थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच लिहून ठेवलं होतं.

उसवलं की दुरुस्ती सुरू होते. पांढऱ्या पेशी येतात, थोडी सूज येते, रसायनं सुटतात, मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. म्हणूनच जागेवर बसून फारसं दुखत नाही, पण जिना उतरताना किंवा पोटरी दाबताना कळ येते. ही सगळी दुरुस्ती कातडीच्या बरीच खाली, स्नायूच्या पोटात चालू असते, आणि तिचा वेग पेशी ठरवतात. हंगामात दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईची कंबर आणि मांड्या पहिल्या आठवड्यात जशा आंबतात, गंगाखेडकडून साखर कारखान्यांवर जाणाऱ्या ऊसतोड मजुराचे खांदे जसे भरतात, तेही हेच. फरक इतकाच की, त्यांना कोणी रंगीत पट्टी विकायला येत नाही.

आता पट्टीकडे येऊ. कातडीवर चिकटवलेलं कापड, स्नायूच्या पोटात चाललेली ही दुरुस्ती लवकर उरकून घेऊ शकेल का? चाचण्यांनी दिलेलं उत्तर उत्पादकांना आवडणारं नाही. पट्टी आणि बनावट पट्टी, म्हणजे तोच रोल पण ताण न देता किंवा चुकीच्या दिशेने लावलेला, यांची तुलना करणारे कितीतरी प्रयोग झाले. २०१४ साली अशा चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा खरी पट्टी बनावट पट्टीपेक्षा सरस ठरली नाही. खांद्याच्या दुखण्याबद्दल कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०२१च्या आढाव्यानेही पट्टीच्या फायद्याची खात्री देता येत नाही, असंच सांगितलं. व्यायामानंतरच्या दुखण्यावर झालेले अभ्यास बहुतेक लहान आहेत. काहींत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं थोडं कमी जाणवलं, काहींत काहीच फरक पडला नाही. पट्टीमुळे स्नायूची ताकद लवकर परत येते, असं खात्रीने म्हणावं एवढा पुरावा त्यांतून निघत नाही.

मला सर्वात बोलका वाटतो तो हाँगकाँगमधला २०१५चा प्रयोग. पट्टी कधीच न वापरलेली ३० निरोगी माणसं निवडली. त्यांना सांगितलं की, मांडीवर स्नायूंचं मोजमाप करणारी साधनं चिकटवतो आहोत. प्रत्यक्षात त्या निमित्ताने मांडीवर पट्टी लावली. एकदा पद्धतशीर, एकदा बनावट, आणि एकदा लावलीच नाही. आपल्या अंगावर 'ताकद वाढवणारी' पट्टी आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तिन्ही वेळच्या ताकदीत फरक आढळला नाही. म्हणजे इतर वेळी जो फरक जाणवतो, त्यात पट्टीवरच्या विश्वासाचा वाटा मोठा असावा.

बाजारातल्या दाव्यांबद्दल कोर्टातही प्रश्न उठले. अमेरिकेत 'केटी टेप' विकणाऱ्या कंपनीवर ग्राहकांनी सामूहिक दावा लावला: पट्टी दुखणं घालवते आणि दुखापत टाळते या जाहिरातींना आधार नाही. कंपनीने साडेसतरा लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि जाहिरातींतली भाषा बदलण्याचं मान्य केलं.

तरीही पट्टी लावल्यावर बरं वाटतं असं म्हणणारे खोटं बोलत नाहीत. गुडघा आपटला की आपला हात आपोआप तिथे जातो, आपण चोळतो आणि कळ जरा कमी होते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली याचं कारण मांडलं: स्पर्शाचे संदेश पाठीच्या कण्यात पोचले की ते वेदनेच्या संदेशांची वाट काही अंशी अडवतात. कातडीवर सतत हलका ताण देणारी पट्टी हेच करत असावी. शिवाय तिच्या जाणिवेने त्या भागाकडे आपलं लक्ष राहतं, माणूस पाय जपून टाकतो. हा फायदा छोटा आणि थोड्या वेळाचा आहे, पण खरा आहे. चाचणीच्या दिवशी मनाला धीर देणारी एखादी गोष्ट असेल तर तिला मी नावं ठेवणार नाही. फक्त दुरुस्तीचं श्रेय तिला देऊ नये.

कबड्डी खेळणाऱ्या मुलांचा इथे एक घोटाळा होतो. घोटा मुरगळल्यावर ही रंगीत ताणणारी पट्टी बांधून ते पुन्हा मैदानात उतरतात. घोटा धरून ठेवणं हे तिचं काम नाही. त्यासाठी ती जुनी पांढरी कडक पट्टी किंवा घोट्याचा ब्रेस असतो, आणि एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळू नये यासाठी त्यांचा उपयोग चांगला सिद्ध झालेला आहे. दोन्ही पट्ट्या एकाच दुकानात शेजारी शेजारी टांगलेल्या असतात, पण त्यांची कामं वेगळी.

लावायचीच असेल तर निदान नीट लावावी. पोटरीचंच घेऊ. पाय साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करायचा. तेल, बाम, पावडर काही राहता कामा नये. केस फार दाट असतील तर कात्रीने बारीक करायचे. त्याच वेळी दाढीचं ब्लेड फिरवू नये, कारण ताज्या ओरखड्यांवर गोंद झोंबतो. टाचेपासून गुडघ्याच्या थोडं खाली येईल एवढी पट्टी कापायची आणि तिचे चारही कोपरे गोल करायचे. चौकोनी टोक पँटच्या कापडात अडकून आधी सुटतं. मग भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणलेल्या अवस्थेत घ्यायची. पहिलं टोक, चारेक बोटं, टाचेवर अजिबात न ताणता चिकटवायचं. मधला भाग कागदावरून निघतो तेवढ्याच हलक्या ताणाने वर न्यायचा. शेवटची चार बोटं पुन्हा बिनताण. बहुतेक जण इथेच चुकतात: टोकं ओढून चिकटवतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी लाल चट्टा किंवा फोड येतो. शेवटी तळहाताने भरभर चोळायचं, कारण हा गोंद उबेने धरतो. पळण्याआधी अर्धा-एक तास लावलेली पट्टी घामात टिकते. अंगावर घाम असताना लावलेली टिकत नाही.

काढतानाही घाई नको. अंघोळीत भिजवून किंवा कडेला खोबरेल तेल लावून, कातडी एका हाताने दाबून धरत पट्टी केसांच्या दिशेने हळूहळू सोडवायची. खाज, आग किंवा पुरळ आलं तर त्याच क्षणी काढावी. जखमेवर, गजकर्णासारख्या त्वचारोगावर ती कधीही लावू नये. पोटरीत गुठळी झाल्याचा संशय असेल, म्हणजे एकच पाय सुजलेला, गरम आणि दुखरा असेल, तर पट्टी सोडून आधी दवाखाना.

दवाखान्याचा विषय निघालाच आहे, तर काळजीची खरी जागा इथे आहे. पट्टीने किंवा गोळीने दुखणं झाकून पळत राहणं धोक्याचं. दोन्ही पायांत, स्नायूच्या पोटात, पसरलेलं दुखणं तीन-चार दिवसांत ओसरतं, ते आंबणं. पण नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखत असेल, पळताना कळ वाढत असेल आणि रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांनी, दोन महिन्यांत एकदम अंतर वाढवणाऱ्या मुलांना हे होतं. त्यावर पट्टी लावून पळत राहिलं तर तडा वाढतो आणि भरतीची ती संधी हातची जाते. आणखी एक खूण प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. अति व्यायामानंतर लघवी काळसर, कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यातला रंग मूत्रपिंडापर्यंत पोचलेला असतो. परभणीच्या उन्हाळ्यात, अंगात पाणी कमी असताना ही शक्यता वाढते. अशा वेळी तासाभराचाही उशीर न करता दवाखान्यात जावं. पळण्याआधी सवयीने दुखण्याच्या गोळ्या घेणंही म्हणूनच घातक. कोरड्या पडलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडावरचा भार वाढवतात.

मग पाय लवकर मोकळे कशाने होतात? पहिली गोष्ट म्हणजे शरीराची स्वतःची शिकण्याची ताकद. तोच व्यायाम एक-दोन आठवड्यांनी पुन्हा केला तर स्नायू पहिल्यापेक्षा खूप कमी दुखतात. एकदा दुरुस्त झालेला तंतू पुढच्या ताणाला तयार असतो. त्यामुळे उतार, जोरबैठका, वेगाचे फेरे यांचं प्रमाण हळूहळू वाढवत नेणाऱ्याचे पाय क्वचितच आंबतात. परभणीच्या ज्योती गवते २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या, वेळ २ तास ५० मिनिटं ५३ सेकंद. पुढे २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षं त्या दुसऱ्या आल्या. ४२ किलोमीटर १९५ मीटरच्या शर्यतीत चार वर्षं अशी जागा टिकवणारे पाय वर्षानुवर्षांच्या नेमाने घडतात. भरतीच्या मुलांना याच मातीतलं हे उदाहरण रोज डोळ्यांसमोर ठेवता येईल.

दुसरी गोष्ट झोप, सात-आठ तासांची. पहाटे चारला उठायचं तर रात्री अकरापर्यंत मोबाइल चालणार नाही. तिसरी गोष्ट पोटात काय जातं ही. कष्टाचा व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या मुलाला ९० ते १२० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात २५. मेसच्या पातळ वरणावर हा हिशोब बसत नाही. मुलींच्या बाबतीत लोहाचाही प्रश्न असतो; रक्त कमी असेल तर ८०० मीटरच्या दुसऱ्या फेरीत पाय उचलत नाहीत, आणि ते स्नायूंचं दुखणं समजलं जातं. ज्या आवारात ही मुलं पळतात, त्याच कृषी विद्यापीठाने २०१८ साली 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण दिलं. त्यात किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असतं, नेहमीच्या ज्वारीपेक्षा दीडपटीच्या आसपास. गावाकडे शेत असणाऱ्यांनी हे बी नक्की मागून घ्यावं.

आणि मालिश. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली ९९ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दुखणं आणि थकवा कमी करण्यात मालिश सगळ्यात पुढे निघाली. तालमीत जोर-बैठकांनंतर पैलवान एकमेकांचं अंग रगडतात, ती रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दोन मित्रांनी संध्याकाळी दहा-दहा मिनिटं एकमेकांच्या पोटऱ्या-मांड्या तेलाने चोळल्या तरी पुरे. तेलाचा खर्च पट्टीच्या रोलपेक्षा कितीतरी कमी.

ज्यांनी रोल आधीच आणून ठेवला आहे त्यांच्यासाठी एवढंच. चाचणीच्या दिवशी पट्टी पहिल्यांदा लावू नका. दोन आठवडे आधी सरावात लावून कातडी सहन करते का ते पाहा. मैदानावर अशा पट्ट्या चालतात का, हे आधी विचारून घ्या. आणि चाचणीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत पळण्याचं अंतर निम्म्यावर आणा. वेगाचे एक-दोन छोटे फेरे ठेवा, बाकी पायांना सुट्टी द्या.